तांत्रिक लेखकाने कोणती पुस्तके जवळ ठेवावीत आणि ती कशी वाचावीत

तांत्रिक लेखनासाठी उपयुक्त पुस्तकांच्या याद्या सहज मिळतात आणि त्यांतील बहुतेक चांगल्याच असतात. अडचण एवढीच की त्यांत तीस-चाळीस पुस्तके एका रांगेत मांडलेली असतात आणि आज कोणते उघडायचे हे त्यांवरून ठरत नाही. पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनीत वापरकर्त्यांसाठी पुस्तिका लिहिणाऱ्या, बँकेच्या ॲपमधील सूचना लिहिणाऱ्या किंवा एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या माणसाला एवढे वाचायला सवड नसते आणि त्याची गरजही नसते. आपल्यासमोरच्या मजकुरात दोष कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखावे, त्या दोषाविषयी सर्वांत नेमके बोलणारे एकच पुस्तक निवडावे आणि तो मजकूर शेजारी ठेवूनच ते वाचावे, असे माझे मत आहे. पुढील पुस्तकांची निवड त्याच धोरणाने केली आहे.

दोष ओळखण्याची सोपी रीत अशी. आपण लिहिलेले एखादे पान अशा व्यक्तीच्या हाती द्यावे की जिला ते उत्पादन किंवा ती सेवा माहीत नाही, आणि त्या पानाच्या आधाराने एक काम करायला सांगून आपण गप्प बसावे. ती व्यक्ती एखादे वाक्य पुन्हा पुन्हा वाचत असेल तर दोष वाक्यरचनेचा आहे. वाक्य कळूनही हात पुढे सरकत नसेल तर दोष कृतीच्या मांडणीचा आहे. तिला हवी ती माहिती अस्तित्वात असून सापडत नसेल तर दोष रचनेचा आहे. आणि पान उघडताच तिची नजर भराभर खाली घसरत असेल तर आपण कागदासाठी लिहिलेला मजकूर पडद्यावर चिकटवला आहे, असे समजावे. या चारही दोषांना कार्यालयांत सरसकट ‘भाषेचा प्रश्न’ म्हटले जाते आणि उपाय म्हणून व्याकरणाचे प्रशिक्षण दिले जाते. त्याचा उपयोग फार तर पहिल्या दोषावर होतो.

वाक्य सुधारायचे असेल तर

या विषयावर सर्वांत आधी ज्याची शिफारस होते ते पुस्तक म्हणजे ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’. विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते छापून घेतले आणि १९५९ मध्ये त्यांचेच माजी विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी ते सुधारून वाढवले. ते एका संध्याकाळी वाचून होते आणि अनावश्यक शब्द काढून टाकण्याची सवय लावण्यास पुरेसे आहे. मात्र ते निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यातील नियम हुकमासारखे दिलेले आहेत आणि ते का पाळायचे याची कारणे फारशी मिळत नाहीत. ज्याला कारणे हवी आहेत त्याने शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ विल्यम्स यांचे १९८१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले ‘स्टाइल: टेन लेसन्स इन क्लॅरिटी अँड ग्रेस’ घ्यावे. वाक्याविषयी एकच पुस्तक विकत घ्यायचे असेल, तर मी हेच घ्यायला सांगेन.

विल्यम्स यांचे मुख्य म्हणणे असे, की वाक्यात जो काही करतो तो कर्त्याच्या जागी असावा आणि तो जे करतो ते क्रियापदात असावे. ती कृती नामात कोंबली गेली की वाक्य जड होते. हे इंग्रजीबद्दल सांगितलेले असले तरी आपल्याकडच्या कार्यालयीन मराठीलाही तंतोतंत लागू पडते. ‘नोंदणी प्रक्रियेची पूर्तता करण्यात आल्यानंतर कागदपत्रांची पडताळणी करण्यात येईल’ या वाक्यात कोणी काय करायचे ते सांगितलेलेच नाही. ‘तुम्ही नोंदणी पूर्ण केली की आमचे कर्मचारी तुमची कागदपत्रे तपासतील’ असे लिहिले की दोन माणसे आणि दोन कामे स्पष्ट दिसतात. हे प्रकरण वाचताना आपल्या मजकुराचे एक पान छापून घ्यावे, प्रत्येक वाक्यातील कर्त्याखाली आणि क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि ‘करण्यात येणे’च्या साऱ्या रूपांभोवती वर्तुळ काढावे. एका पानावर दहा-बारा वर्तुळे निघाली, तर पुढचे प्रकरण नंतर वाचले तरी चालेल. आधी ते पान नीट करावे.

विल्यम्स यांचा दुसरा धडाही मोलाचा आहे: वाचकाला माहीत असलेली गोष्ट वाक्याच्या आरंभी ठेवावी आणि नवी गोष्ट शेवटाकडे न्यावी. मराठीत लिहिणाऱ्याने येथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे भर पडतो तो त्याच्या लगेच आधीच्या जागेवर. ‘फॉर्म सोमवारपर्यंत भरा’ म्हटले की मुदत ठसते. ‘सोमवारपर्यंत फॉर्म भरा’ म्हटले की लक्ष फॉर्मकडे जाते. मुदत, रक्कम, अट यांपैकी जे चुकवून चालणार नाही, ते क्रियापदाच्या शेजारी आणावे.

शासकीय किंवा निमशासकीय मजकूर लिहिणाऱ्यांसाठी सर अर्नेस्ट गॉवर्स यांचे पुस्तक अधिक जवळचे ठरेल. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या विनंतीवरून, सरकारी अधिकाऱ्यांचे लेखन सुधारावे या हेतूने, त्यांनी १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्स’ लिहिले आणि १९५४ मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्स’ या नावाने निघाली. गॉवर्स स्वतः सनदी अधिकारी होते. त्यामुळे अधिकारी क्लिष्ट का लिहितो, अंगावर जबाबदारी येऊ नये म्हणून कर्ता कसा लपवतो, हे त्यांना आतून ठाऊक होते. आपल्याकडील परिपत्रकांचा बाज ब्रिटिश अमदानीतील कार्यालयीन इंग्रजीतून आलेला असल्याने या पुस्तकातील रोगलक्षणे वाचताना आपल्याला परक्याचे काही वाचतो आहोत असे वाटत नाही.

कृती सांगायची असेल तर

तांत्रिक लेखनाचा गाभा येथे आहे, म्हणून या भागावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. जॉन कॅरल यांचे ‘द न्युरेनबर्ग फनेल’ हे १९९० मधील पुस्तक आज जुने वाटेल, कारण त्यातील प्रयोग शब्दसंस्करण यंत्रांवरचे (वर्ड प्रोसेसरवरचे) आहेत. तरीही ते वाचावे. कॅरल आयबीएम या संगणक कंपनीच्या वॉटसन संशोधन केंद्रात होते आणि त्यांनी नव्याने यंत्र शिकणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांना दिसले ते असे: माणसे पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, प्रस्तावना तर मुळीच वाचत नाहीत, त्यांना लगेच खरे काम करायचे असते, ती मध्येच काहीतरी दाबतात, चुकतात आणि त्या चुकीतून बाहेर कसे यायचे हे पुस्तिकेत सापडत नाही म्हणून अडकतात. डोक्याला नरसाळे लावून ज्ञान ओतता येते अशी जी न्युरेनबर्गच्या नरसाळ्याची दंतकथा जर्मनीत आहे, तिच्यावरून पुस्तकाचे नाव आले आहे. आणि असे नरसाळे नसते, हा त्याचा निष्कर्ष आहे.

यातून कॅरल यांनी सुचवलेली पद्धत थोडक्यात अशी आहे: प्रस्तावना कापावी, पहिल्या काही मिनिटांतच वाचकाला अर्थपूर्ण काम करू द्यावे आणि चूक होण्याची शक्यता असेल त्याच ठिकाणी ती ओळखण्याची व दुरुस्त करण्याची सूचना द्यावी. शेवटचा भाग लेखक सर्वाधिक विसरतात, कारण आपल्या उत्पादनात चुका होतात हे छापील स्वरूपात कबूल करणे विक्री विभागाला आवडत नाही. आपल्याकडच्या ऑनलाइन अर्जांतील नेहमीचे वाक्य पाहा: ‘छायाचित्र अपलोड करून, तत्पूर्वी त्याचा आकार ५० केबीपेक्षा कमी असल्याची खात्री करून, पुढे या बटणावर क्लिक करावे.’ वाचक ‘अपलोड करून’ इथपर्यंत वाचतो आणि अपलोड करतो. अट त्याला नंतर भेटते. तीन स्वतंत्र पायऱ्या करून आधी आकार तपासायला सांगावे, मग अपलोड, मग ‘पुढे’. आणि दुसऱ्या पायरीखालीच लिहावे की छायाचित्र स्वीकारले गेले नाही तर पडद्यावर कोणती सूचना दिसेल आणि तेव्हा काय करावे.

कॅरल दिशा देतात; रोजच्या तपासणीसाठी आयबीएममधीलच लेखक-संपादकांनी मिळून लिहिलेले ‘डेव्हलपिंग क्वालिटी टेक्निकल इन्फर्मेशन’ उपयोगी पडते. त्यात चांगल्या तांत्रिक मजकुराचे नऊ गुण तीन गटांत मांडलेले आहेत. वापरायला सोपा, कळायला सोपा आणि सापडायला सोपा असे ते तीन गट. आधी सदोष मजकूर आणि लगेच त्याचे सुधारित रूप अशा जोड्या त्यात जागोजागी दिलेल्या असल्याने हे पुस्तक चाळूनही शिकता येते. २०१४ मधील तिसरी आवृत्ती घ्यावी. सगळे नऊ गुण एकदम तपासायला बसू नये, कारण तसे केले की तपासणी नावापुरती उरते. एका मजकुरासाठी एका वेळी एकच गट हाती घ्यावा.

यंत्रसामग्रीच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी एएसडी-एसटीई १०० हे विमान उद्योगातून आलेले नियंत्रित इंग्रजीचे मानक जरूर पाहावे. ते मागितल्यास विनामूल्य मिळते. त्यात सुमारे ९०० मान्य शब्द आहेत, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ आहे, आणि कृती सांगणारे वाक्य २० शब्दांहून लांब नसावे असा दंडक आहे. विमानाची देखभाल करणारा तंत्रज्ञ कोणत्याही देशातला असू शकतो आणि त्याची मातृभाषा इंग्रजी असेलच असे नाही, हे त्यामागचे कारण आहे. आपल्या कारखान्यांतील पुस्तिकांचे वाचकही बहुधा अशाच स्थितीत असतात. वापरासूचनांसाठीचे आयईसी/आयईईई ८२०७९-१ हे २०१९ मधील मानकही अशांच्या कामाचे आहे, पण मानके महाग असतात. ती कंपनीने विकत घ्यावीत.

पडद्यावर वाचणाऱ्यासाठी

संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये नोंदवले की त्यांच्या चाचणीतील ७९ टक्के वापरकर्ते नवे पान शब्दशः न वाचता त्यावरून नजर फिरवत होते आणि केवळ १६ टक्के शब्दन् शब्द वाचत होते. वेबसाठी लिहिण्याविषयीची पुढची बहुतेक पुस्तके या वागणुकीला सामोरी जातात. त्यांतील सर्वांत उपयोगी पुस्तक म्हणजे जॅनिस (जिनी) रेडिश यांचे ‘लेटिंग गो ऑफ द वर्ड्स’. पहिली आवृत्ती २००७ ची, दुसरी २०१२ ची. रेडिश भाषाशास्त्राच्या अभ्यासक आहेत आणि संकेतस्थळाला भेट देणारा माणूस एक प्रश्न घेऊन संवाद सुरू करतो, अशी त्यांची धारणा आहे. पान लिहिण्याआधी त्या माणसाचे प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून काढावेत आणि शीर्षके त्या प्रश्नांतून घडवावीत, हा त्यांचा सल्ला एका दुपारी अमलात आणता येतो. कंपनीच्या मदत केंद्रावर येणाऱ्या फोनच्या नोंदी मिळाल्या तर प्रश्न मनाने रचावे लागत नाहीत.

स्टीव्ह क्रुग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’ हे २००० मध्ये आलेले छोटेखानी पुस्तक त्याहून प्रसिद्ध आहे. २०१४ ची तिसरी आवृत्ती वाचावी. लेखकाच्या दृष्टीने मात्र त्यांचे नंतरचे ‘रॉकेट सर्जरी मेड ईझी’ अधिक कामाचे आहे, कारण त्यात वापरचाचणी कशी घ्यावी याची कृतीच दिलेली आहे: महिन्यातून एक सकाळ, तीन वापरकर्ते, त्यांना काम करताना मोठ्याने विचार करायला सांगायचे आणि सहकाऱ्यांनी ते पाहायचे. वर दोष ओळखण्याची जी रीत सांगितली तिचे हे शिस्तशीर रूप आहे. वाचून झाल्यावर महिनाभरात एकही चाचणी घेतली नाही तर हे पुस्तक वाचले असे म्हणू नये.

सापडत नसलेली माहिती

शोधयंत्रातून येणारा वाचक आपल्या पुस्तिकेच्या मधल्याच एखाद्या पानावर उतरतो आणि ‘मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’ हे शब्द त्याच्यासाठी निरर्थक असतात. मार्क बेकर यांच्या २०१३ मधील ‘एव्हरी पेज इज पेज वन’ या पुस्तकाचा हाच विषय आहे. प्रत्येक पान स्वतःपुरते पूर्ण असावे, आपला संदर्भ स्वतः सांगावा आणि संबंधित पानांकडे भरपूर दुवे द्यावेत, असे ते सांगतात. छापील पुस्तिकेतून ऑनलाइन मदतीकडे वळणाऱ्या गटाने हे पुस्तक एकत्र वाचावे. एकट्याने वाचले तर बाकीचे प्रकरणवार लिहीत राहतात. त्याच्या जोडीला दानिएले प्रोचिदा यांची ‘दियाटॅक्सिस’ ही विनामूल्य ऑनलाइन मांडणी पाहावी. ती दस्तऐवजांचे शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे चार प्रकार करते, आणि एकाच पानात हे चारही मिसळल्याने होणारा गोंधळ निस्तरण्यास मदत करते.

शेकडो पानांच्या संकेतस्थळाची जबाबदारी असेल तर लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांचे ‘इन्फर्मेशन आर्किटेक्चर फॉर द वर्ल्ड वाइड वेब’ लागेल. १९९८ पासून निघणारे हे पुस्तक मुखपृष्ठामुळे ‘ध्रुवीय अस्वलाचे पुस्तक’ म्हणून ओळखले जाते. ते जाड आहे. त्यातील वर्गीकरण, नावे देणे, दिशादर्शन आणि शोध या चार विषयांवरची प्रकरणे वाचून बाकीचे गरजेनुसार पाहिले तरी चालते. मजकूर कोण लिहिणार, कोण मंजूर करणार आणि जुना झाल्यावर कोण काढणार या प्रश्नांवर भांडणे होत असतील, तर क्रिस्टिना हॅल्व्हर्सन यांचे ‘कंटेंट स्ट्रॅटेजी फॉर द वेब’ हे पुस्तक आपल्याऐवजी व्यवस्थापकाला वाचायला द्यावे.

प्रोग्रामरांसाठी लिहिणाऱ्यांना ‘डॉक्स फॉर डेव्हलपर्स’ हे २०२१ मधील पाच लेखकांचे पुस्तक पुरेसे आहे. कुत्र्याच्या भुंकण्याचे भाषांतर करणारी एक काल्पनिक कंपनी घेऊन ते सगळी प्रक्रिया उलगडते, आणि त्यातील एक युक्ती लगेच उचलण्यासारखी आहे: लिहिण्याआधी लेखकाने ते उत्पादन स्वतः वापरावे आणि जिथे जिथे अडखळायला झाले त्याची क्रमवार नोंद ठेवावी. मजकूर गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवून कोडप्रमाणेच तपासून घ्यायचा असेल तर ॲन जेंटल यांचे ‘डॉक्स लाइक कोड’ वाचावे.

आकृत्या आणि पानाची मांडणी यांसाठी रॉबिन विल्यम्स यांचे ‘द नॉन-डिझायनर्स डिझाइन बुक’ पुरे. विरोध (ठळक फरक), पुनरावृत्ती, संरेखन (एका रेषेत मांडणे) आणि समीपता ही चार तत्त्वे त्यात सोप्या नमुन्यांतून येतात. एडवर्ड टफ्टी यांचे १९८३ मधील ‘द व्हिज्युअल डिस्प्ले ऑफ क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन’ अतिशय देखणे आहे. पण रोज आलेख काढावे लागत नसतील तर ते ग्रंथालयातून आणून वाचावे.

शैलीपुस्तिका, म्हणजे शब्द, विरामचिन्हे वगैरे कसे वापरावेत याचे नियम देणारी पुस्तके, वाचायच्या नसतात, ठेवायच्या असतात. ‘द शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ १९०६ पासून निघत आहे आणि २०२४ मध्ये त्याची अठरावी आवृत्ती आली; पुस्तकप्रकाशनात नसणाऱ्याला त्याची क्वचितच गरज पडते. मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका शेवटची छापली गेली ती २०१२ मध्ये. आता ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, तशीच गूगलची विकसकांसाठीची पुस्तिकाही. म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात मायक्रोसॉफ्टच्या पुस्तिकेची छापील प्रत स्वस्तात दिसली तरी मोह टाळावा. दोहोंपैकी एक निवडावी आणि आपल्या गटाचे वेगळे निर्णय दोन पानांत लिहून ठेवावेत.

मराठीत लिहिणाऱ्याची वेगळी गरज

वरील पुस्तके वाक्य, कृती आणि रचना यांबाबत मराठीलाही उपयोगी पडतात. शुद्धलेखन आणि परिभाषा यांबाबत नाही. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम हाताशी असावेत. त्यांतील चौदा १९६२ मध्ये आणि आणखी चार १९७२ मध्ये आले. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ शाळेचे किंवा स्पर्धापरीक्षांचे पुस्तक म्हणून बाजूला टाकू नये. झटपट शब्द पाहण्यासाठी अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ सोयीचे, आणि ज्याला कारणमीमांसा हवी त्याला यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतात. त्यातला शब्द घेण्याआधी तो दोन-तीन प्रत्यक्ष वापरकर्त्यांना दाखवावा, आणि एकदा ठरवलेला शब्द बटणावर, मदतीच्या पानावर आणि एसएमएसमध्ये सगळीकडे सारखाच ठेवावा.

एका अडचणीवर मात्र वरीलपैकी कोणतेही पुस्तक बोलत नाही. ॲपमधील वाक्यांत प्रोग्राम मागाहून शहराचे किंवा माणसाचे नाव भरतो, आणि मराठीत विभक्तीप्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते. रिकाम्या जागेपुढे ‘मध्ये’ लिहिले की पडद्यावर ‘पुणेमध्ये’ उमटते, ‘पुण्यामध्ये’ नाही. क्रियापदाच्या लिंगाचेही तसेच: नाव कोणाचे येणार हे माहीत नसताना ‘आला आहे’ लिहिता येत नाही. उपाय असा की भरल्या जाणाऱ्या शब्दाला प्रत्यय लागणारच नाही अशी रचना करावी. ‘शहर: पुणे’, ‘पाठवणाऱ्याचे नाव:’ असे लिहावे, किंवा ‘तुमचा अर्ज पुढील कार्यालयाकडे पाठवला आहे:’ असे म्हणून नाव शेवटी आणावे. हा नियम गटाच्या त्या दोन पानांत सर्वांत वर असावा.

खरेदीबाबत एवढेच पाहावे: जोसेफ विल्यम्स, गॉवर्स आणि कॅरल यांची जुनी, वापरलेली प्रत चालते, कारण वाक्य आणि शिकणारा माणूस फारसे बदललेले नाहीत. रेडिश, क्रुग आणि आयबीएमचे पुस्तक यांची शेवटचीच आवृत्ती घ्यावी, कारण त्यांतील पडद्यांचे नमुने शिळे होतात. एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर शिकवणारी पुस्तके तर घेऊच नयेत. त्यांच्या उत्पादकाचे ऑनलाइन साहाय्य त्यांच्याहून ताजे असते.